काडतुसांची टंचाई आणि हौशी नेमबाजाचा सराव

क्रिकेटचा चेंडू शिवण उसवेपर्यंत वापरता येतो आणि बॅडमिंटनचे फूलही पिसे तुटेपर्यंत चालते. काडतूस मात्र एकदाच उडते. नेमबाजी हा खेळ इतर खेळांहून महाग का, याचे उत्तर पुष्कळ अंशी या एका गोष्टीत आहे. बंदूक एकदा घेतली की वर्षानुवर्षे टिकते आणि क्लबची असेल तर ती घ्यावीही लागत नाही. दर आठवड्याला पुन्हा पुन्हा होणारा खर्च असतो तो काडतुसांचा व छर्‍यांचा.

हा खर्च आकड्यांत मांडून पाहावा. एका स्पर्धेत साधारणपणे ६० गुणांकित फैरी असतात. त्यापूर्वीच्या चाचणीच्या फैरी वेगळ्या. आठवड्यातून चार दिवस, दररोज ८० फैरी आणि वर्षातील ४० आठवडे असा बेताचा सराव धरला, तरी वर्षाकाठी १२,८०० फैरी होतात. पॉइंट २२ ची काडतुसे ५० च्या डबीत येतात, म्हणजे या हिशेबाने २५६ डब्या लागल्या. दहा मीटरच्या एअर रायफलीचे छर्रे ५०० च्या डब्यात मिळतात. ते २६ डबे लागतात. अशा एका छर्‍याचे वजन अर्ध्या ग्रॅमहून किंचित अधिक असते, तरी वर्षभरात सुमारे पावणेसात किलो शिसे लक्ष्यामागील पेटीत जाऊन पडते. उडत्या चकत्यांवर नेम धरणार्‍याची गोष्ट तर बोलायलाच नको. ट्रॅप प्रकाराच्या पात्रता फेरीत १२५ चकत्या असतात, प्रत्येक चकतीवर दोन फैरींची मुभा असते आणि प्रत्येक काडतुसात २४ ग्रॅमपर्यंत छर्रे असतात.

महाराष्ट्राला या विषयाची आस्था वाटावी, असे कारण आहे. अंजली भागवत यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेत्या ठरल्या. त्याच शहराच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस येथे ५० मीटर रायफलीच्या तिन्ही स्थितींच्या प्रकारात ब्राँझपदक पटकाविले. १९५२ साली खाशाबा जाधव यांनी मिळविलेल्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या विजयाच्या वेळी एक वृत्त प्रसिद्ध झाले होते. सुरुवातीच्या काळात या मुलाच्या काडतुसांसाठी कुटुंबाला कर्ज काढावे लागले होते. पदक मिळाले म्हणून ते कर्ज सर्वांना कळले. पदकापर्यंत न पोहोचलेल्या घरांतील अशा कर्जांची नोंद कोठेच होत नाही. काडतुसे परवडत नाहीत म्हणून तालुक्याच्या गावातील एखादी होतकरू मुलगी बारावीनंतर रेंजवर येणे थांबविते, तेव्हा ती चांगली होती की नव्हती हेदेखील कोणाला कळत नाही.

टंचाई कोठून येते

पॉइंट २२ चे काडतूस म्हणजे चार वस्तूंचा मेळ असतो. पितळेची पुंगळी, तिच्या काठात आतून पसरलेले ठिणगीचे द्रव्य, दारू आणि शिशाची गोळी. यांतील एक वस्तू अडली की काडतूस अडते. बिनधुराच्या दारूचा पाया असलेले नायट्रोसेल्युलोज सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून तयार होते. कापूस पिकविणार्‍या विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना हे वाचून नवल वाटेल. युरोपातील कारखाने या तंतूंसाठी मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून आहेत आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर हे अवलंबित्व त्यांना जाणवू लागले. दारू आणि ठिणगीचे द्रव्य प्रथम सैन्याच्या मागणीकडे वळते, खेळाची पाळी त्यानंतर येते. त्याआधी २०२० व २०२१ मध्ये करोनाच्या साथीमुळे कारखाने आणि वाहतूक मंदावली होती, आणि त्याच काळात अमेरिकेत खासगी खरेदीदारांची झुंबड उडून दुकानांतील फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. जगाच्या बाजारात अशी ओढाताण झाली की आपल्याकडील लहान मागणीला रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते.

स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे मुख्यतः इंग्लंडच्या इली, जर्मनीच्या आर. डब्ल्यू. एस. आणि फिनलंडच्या लापुआ या नावांनी येतात. छर्‍यांतही जर्मन व झेक मालाला मागणी अधिक. त्यामुळे परकीय चलनाचा दर, जहाजाचे भाडे आणि आयातीच्या परवानगीला लागणारा वेळ यांचा भार अखेर खेळाडूच्या खिशावर पडतो. देशी उत्पादन नाही असे नाही. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे ‘के. एफ.’ हे चिन्ह भारतीय काडतुसांवर पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत रूपांतर झाल्यावर हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेला, आणि तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या मुलामुलींच्या हाती पहिली बंदूक येते ती पॉइंट २२ चीच. प्राथमिक शिक्षणाला देशी काडतूस उपयोगी पडते, त्याविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र ५० मीटरवरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०·४ मिलिमीटर व्यासाचे असते. तेथे एका काडतुसापासून दुसर्‍यात पडणारा केसभर फरकही गुणफलकावर उमटतो, म्हणून स्पर्धक आयात मालाकडे वळतात.

कायद्याची चौकट

टंचाईच्या काळात सल्ले देणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांतील काही सल्ले तुरुंगाच्या दारापर्यंत नेणारे असतात. म्हणून कायद्याचे मुख्य मुद्दे येथे दिलेले बरे. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि सध्याचे शस्त्र नियम २०१६ चे आहेत. परवान्यावर एका वेळी जवळ बाळगण्याच्या व वर्षभरात खरेदी करावयाच्या काडतुसांची संख्या नमूद असते, आणि ती मर्यादा खरेदी करणार्‍याइतकीच विकणार्‍यालाही बंधनकारक असते. आपल्याजवळची उरलेली काडतुसे मित्राला ‘उसनी’ देणे ही सौजन्याची गोष्ट वाटली, तरी त्याच्याकडे तसा परवाना नसेल तर तो गुन्हा होतो. घरी काडतुसे भरण्याचा प्रयत्नही करू नये, कारण दारूगोळा तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. शिवाय पॉइंट २२ ची पुंगळी एकदा उडाली की काठ चेपला जातो व त्यातील द्रव्य जळून जाते. ती पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीच्या व व्यापाराच्या शिक्षा अधिक कडक झाल्या आहेत.

याच कायद्यात खेळाडूंसाठी सवलतीही आहेत, आणि त्या पुष्कळांना ठाऊक नसतात. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अधिसूचना काढून नेमबाजांच्या वार्षिक सरावासाठीची काडतुसांची मर्यादा बरीच वाढविली. होतकरू व कनिष्ठ नेमबाजांना एका शस्त्राऐवजी दोन शस्त्रे ठेवण्याची मुभाही तेव्हाच मिळाली. परवाना जुना असेल आणि त्यावरील संख्या पूर्वीचीच असेल, तर संघटनेच्या पत्रासह परवाना प्राधिकार्‍याकडे रीतसर अर्ज करावा. हा अर्ज हंगामाच्या तोंडावर नव्हे, तर पावसाळ्याच्या प्रारंभी केलेला चांगला. कचेरीच्या कामाचा वेग ठाऊक असलेल्या माणसाचे हे सांगणे आहे.

नवशिक्यासाठी आणखी एक वाट मोकळी आहे. नळीचा व्यास ४·५ मिलिमीटरहून अधिक नसलेल्या व २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला किंवा एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर रायफली या मर्यादेच्या पुष्कळच आत असतात. छर्‍याची किंमत स्पर्धेच्या काडतुसाच्या मानाने अगदी अल्प असते. एअर रायफल ही धाकटी बहीण, खरी नेमबाजी पॉइंट २२ ची, असा एक समज जुन्या हौशी मंडळींत आढळतो. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रा यांनी भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले ते या ‘धाकट्या’ प्रकारातच, आणि त्यातील दहाचे वर्तुळ केवळ अर्ध्या मिलिमीटरचे असते, हे अशा मंडळींना सांगावे.

काडतुसाविना सराव

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. काडतुसे निम्मी मिळाली तर सरावही निम्माच होईल काय? तसे होण्याचे कारण नाही. गोळी नळीबाहेर पडण्यापूर्वी नेमबाजाला जे करावयाचे असते, ते जवळजवळ सारे काडतुसाविना शिकता येते. उभे राहण्याची ढब, दस्त्याचा खांद्याशी होणारा मेळ, श्वास रोखण्याची वेळ, माशी व लक्ष्य यांची जुळणी, चाप ओढणार्‍या बोटाची सावकाश हालचाल आणि चाप सुटल्यावरही क्षणभर तसेच स्थिर राहणे, या सर्वांचा सराव रिकाम्या बंदुकीने होतो. रेंजवर याला ‘ड्राय’ म्हणतात. नव्या मुलांना हा प्रकार कंटाळवाणा वाटतो, कारण आवाज होत नाही आणि कागदावर भोक पडत नाही. शिक्षेप्रमाणे तो केला तर उपयोगही शिक्षेइतकाच होतो.

प्रथम सुरक्षितता. बंदूक रिकामी असल्याची खात्री दोनदा करावी, पहिल्यांदा डोळ्यांनी व दुसर्‍यांदा बोटाने चाचपून. ज्या खोलीत हा सराव चालतो तेथे एकही जिवंत काडतूस असू नये. नळी भक्कम भिंतीकडे असावी. खिडकी, दार किंवा माणसाचा वावर असलेली बाजू वर्ज्य. आधुनिक एअर रायफलींत कोर्‍या सरावासाठी वेगळी सोय असते. पॉइंट २२ मध्ये मात्र फायरिंग पिन पुंगळीच्या काठावर आदळावी अशी रचना असते. आत काहीच नसेल तर काही बंदुकींत ती पोलादावर आदळून पिन व नळीचे तोंड दोन्हींची हानी होते. म्हणून उत्पादकाची सूचना वाचावी आणि शंका असल्यास क्लबच्या शस्त्रागारातील जाणत्याला विचारून सरावाचे नकली काडतूस वापरावे.

मग कोर्‍या भिंतीपासून आरंभ करावा. लक्ष्य लावूच नये. समोर काळे वर्तुळ नसले की नजर आपोआप माशीवर येते आणि चाप ओढताना ती माशी कोणत्या दिशेला हलते हे स्पष्ट दिसते. वर्तुळ समोर असते तेव्हा मन ‘आता, आता’ म्हणत बोटाला घाई करते, आणि रेंजवर वाया जाणार्‍या काडतुसांत या घाईचा वाटा मोठा असतो. भिंतीवरचा सराव आठ-दहा दिवस झाल्यावर अंतराच्या प्रमाणात लहान केलेले लक्ष्य लावावे. नेम धरून डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत, मग डोळे उघडावेत. माशी लक्ष्यापासून डावीकडे सरकलेली दिसली, तर हाताने ओढून ती जागेवर आणू नये. पाय किंचित फिरवून सारे शरीरच वळवावे. स्नायूंच्या जोराने आणलेला नेम चाप सुटताच मूळ जागी परततो. एवढी एक गोष्ट शिकण्यासाठी अनेकांनी शेकडो काडतुसे खर्च केली आहेत. खरे पाहता तिला एकही लागत नाही.

उभ्या स्थितीत नेम न धरता बंदूक तोलून धरण्याचा व्यायामही याच वेळी करावा. आरंभी अर्धा मिनिट पुरे, पुढे सवडीने वाढवावा. एकूण कोरा सराव वीस ते तीस मिनिटांहून अधिक लांबवू नये. थकलेले शरीर चुकीची सवयही तितक्याच निष्ठेने शिकते.

नळीला जोडावयाची इलेक्ट्रॉनिक साधनेही आता मिळतात. रशियातील स्कॅट व फिनलंडची नॉपटेल ही त्यांतील परिचित नावे. चाप ओढण्यापूर्वी नेम लक्ष्यावर कसा फिरला, याची रेघ ती पडद्यावर काढून दाखवितात. एकट्याला हे साधन महाग पडते. मात्र वीस-पंचवीस सभासदांच्या क्लबने एक घेऊन वार ठरवून वापरले, तर वाचलेल्या काडतुसांतून त्याची किंमत हळूहळू भरून निघते.

खरी काडतुसे कोठे खर्चावीत

ज्या गोष्टी कोर्‍या सरावात शिकता येतच नाहीत, त्यांसाठी काडतुसे राखून ठेवावीत. अशी पहिली गोष्ट वारा. दहा मीटरचा प्रकार छपराखाली चालतो, पण ५० मीटरवर उघड्या मैदानातून जाणारी अडीच ग्रॅमची गोळी वार्‍याने सहज ढकलली जाते. ध्वज पाहून किती थांबावे, किती दुरुस्ती करावी, हे घरच्या भिंतीसमोर कळणार नाही. दुसरी गोष्ट धक्का आणि त्यानंतर बंदूक पुन्हा त्याच जागी येते की नाही, हे पाहणे. तिसरी गोष्ट स्पर्धेचे दडपण. महिन्यातून एक-दोनदा साठ फैरींची पूर्ण स्पर्धा, घड्याळ लावून व गुण मोजून खेळलीच पाहिजे. त्यात काटकसर करू नये.

वर दिलेल्या हिशेबात थोडा बदल करून पाहू. दररोजच्या ८० पैकी ५० कोर्‍या व ३० खर्‍या असे धरले, तर वर्षाला ४,८०० काडतुसे, म्हणजे ९६ डब्या लागतात. खर्च निम्म्याहून खाली येतो. हे प्रमाण सर्वांना सारखेच लागू पडेल असे नाही. स्पर्धा जवळ आल्यावर खर्‍या फैरींचा वाटा वाढवावा लागतो आणि हंगाम संपल्यावर तो शून्यावर आणला तरी चालतो.

प्रत्येक खर्‍या फैरीची नोंद वहीत ठेवावी. चाप सुटताच, पडद्याकडे किंवा दुर्बिणीकडे पाहण्यापूर्वी, गोळी कोठे लागली असावी हे स्वतःशी ठरवावे, ते लिहावे आणि मग प्रत्यक्ष पाहावे. अंदाज आणि प्रत्यक्ष जुळत असतील, तर चूक नेमबाजाची आहे व ती त्याला कळलेली आहे. अंदाज मध्यावरचा आणि गोळी कडेला असे वारंवार होऊ लागले, तर दोष वार्‍यात, बंदुकीत किंवा काडतुसांत शोधावा. वहीशिवाय उडविलेल्या शंभर फैरींपेक्षा वहीसह उडविलेल्या तीस अधिक शिकवितात, असे माझे मत आहे.

काडतुसांत दोष शोधण्याची वेळ येते तेव्हा उत्पादनाच्या गटाचा, म्हणजे ‘लॉट’चा, प्रश्न येतो. एकाच नावाच्या व एकाच किमतीच्या काडतुसांचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे वागतात. म्हणून जाणते स्पर्धक बंदूक शिकंजात बसवून निरनिराळे लॉट तपासतात आणि जो घट्ट जमतो त्याचाच साठा घेतात. टंचाईत सर्वांत मोठे नुकसान येथे होते. मिळेल त्या आठवड्यात मिळेल ती डबी घेतली की वहीतील जुन्या नोंदींचा उपयोग राहत नाही. दोन प्रकारच्या काडतुसांवरील वंगण वेगळे असेल, तर बदलानंतरच्या काही फैरी नळी स्थिरावण्यातच जातात. यावर व्यवहार्य तोडगा असा की, स्पर्धेसाठी एक तपासलेला लॉट बाजूला काढावा आणि त्याला एरवी हात लावू नये. रोजच्या सरावाला स्वस्त, पण शक्यतो एकाच जातीची काडतुसे वापरावीत. रोज दोन्हींची सरमिसळ करणे हा पैशाचा अपव्यय होय.

क्लबची खरेदी आणि साठवण

काडतुसांची आयात खुली नाही. नामांकित नेमबाज, रायफल क्लब व संघटना यांनाच ठराविक अटींवर ती करता येते. त्यामुळे सामान्य सभासदाची गाठ क्लबशीच पडते. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होतकरू नेमबाजांसाठी राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरील महत्त्वाचा टप्पा मानली जाते. संस्था उभी करण्याची ही परंपरा क्लबांनी खरेदीच्या बाबतीतही पाळावयास हवी. सभासदांकडून वर्षाची गरज आगाऊ लिहून घ्यावी, दोन-तीन जिल्ह्यांच्या क्लबांनी मागणी एकत्र करावी आणि एकाच लॉटचा माल मागवावा. एकेकट्याने मागविलेल्या पाच-दहा डब्यांना पुरवठादार दाद देत नाही, एकत्रित मागणीला देतो. क्लबने आलेल्या मालाचे वाटप कसे केले, हे फलकावर लावावे. टंचाईत पदकविजेत्यांना आधी देण्याचा मोह होतो, आणि तो समजण्याजोगा आहे. परंतु नवशिक्यांचा वाटा अगदी शून्यावर गेला तर पाच वर्षांनी पदकविजेते कोठून आणणार, याचे उत्तर समितीकडे असले पाहिजे.

आणलेला माल नीट ठेवणे हीदेखील बचतच होय. कोकणात, मुंबईत आणि कोल्हापूरच्या पावसाळी पट्ट्यात हवेतील ओल हा मोठा शत्रू. काडतुसे मूळ डबीत, घट्ट झाकणाच्या पेटीत, ओल शोषणार्‍या पुड्यांसह, थंड जागी व कुलपात ठेवावीत. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती तासन्‌तास ठेवू नयेत. डबीवर खरेदीचा महिना लिहावा आणि जुना माल आधी वापरावा. छर्रे फार नाजूक असतात. डबा पडला की त्यांचे काठ चेपतात. घामट हातांनी मूठभर छर्रे बाहेर काढू नयेत, त्या दिवसाला लागतील तेवढेच वेगळ्या तबकात घ्यावेत. ज्यांवर पांढरी भुकटी धरली आहे ते स्पर्धेत वापरू नयेत. ती भुकटी शिशाची असते आणि शिसे शरीराला अपायकारक आहे, लहान मुलांना तर विशेषच. रेंजवर खाणेपिणे टाळावे, सराव संपताच साबणाने हात धुवावेत, आणि घरी गेल्यावर छर्‍यांचा डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावा. लक्ष्यामागील पेटीत जमा होणारे शिसे क्लबने वेळोवेळी काढून परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्राला विकावे. वर्षाच्या खर्चाच्या मानाने ती रक्कम मोठी नसते, परंतु नव्या मुलांच्या छर्‍यांचे काही डबे त्यातून येऊ शकतात.